शेंगा कावून कापल्या?

भिलाई
बुधवार, १७ फेब्रुवारी १९६०

श्री. पंजाबराव यांस नमस्कार.

‘सप्रेम’ हा शब्द त्याच्या नेहमीच्या जागी मी जाणूनबुजून लिहिलेला नाही. तो लिहिण्याचा अधिकार मला उरला आहे किंवा नाही, हे आपण ठरवावयाचे आहे. आपल्या भगिनीच्या, माझ्या अन्नपूर्णेच्या, तेराव्याच्या दिवशी ‘मले पत्र टाकू नका,’ असे आपण मला सांगितले होते. गेले पाच महिने मी ते पाळले. आज मोडत आहे, कारण विषय माझा नाही. अन्नपूर्णेच्या मधमाश्यांचा आहे. मधपेटीतले ज्याला कळते असा मनुष्य या लोहमार्गावर आपल्यावाचून दुसरा मला ठाऊक नाही.

पेटी तीच आहे. रशियन यंत्रे ज्या खोक्यांतून आली त्यांच्या फळ्यांची, आपण स्वहस्ते केलेली. मागच्या अंगणात मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडाखाली ती चार पायांवर उभी आहे. मुंग्या चढू नयेत म्हणून प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी असून त्या वाट्यांतील पाणी मी रोज सकाळी सव्वासहाला बदलतो. फळीवरची रशियन अक्षरे अजूनही उलटीच आहेत. ‘ही बाजू वर’ असा त्यांचा अर्थ असल्याचे आमच्या ड्रॉइंग ऑफिसातील दुभाष्याने सांगितल्यापासून ती फळी फिरवून घ्यावी असा माझा आग्रह होता, हे आपणास स्मरत असेल. ‘माश्यांले कुठं रशियन येते?’ असे म्हणून अन्नपूर्णेने तो विषय कायमचा संपवला होता.

शनिवार, ता. ६ रोजी मी कारखान्यात असताना निम्म्याहून अधिक माश्या पेटी सोडून गेल्या. शेजारच्या भागाबाईंनी ते पाहिले. मी सायकल भिंतीला टेकवतो न टेकवतो तोच त्या कुंपणावरून म्हणाल्या, ‘भाऊजी, तुमच्या माश्यांनी बिऱ्हाड हालवलं ना जी! ढगावानी उठल्या अन् मरोद्याकडं गेल्या. मी थाळी वाजवून वाजवून थकली, पन थांबतात का कोनाच्या बापासाठी?’

उरलेल्या माश्यांची पाहणी करणे आवश्यक होते. रविवारी, ता. १४ रोजी, अन्नपूर्णेच्या मधमाशीपालनाच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे धूर देऊन मी पेटी उघडली. पोळ्यांच्या खालच्या कडांना काही अनैसर्गिक गाठी आढळल्या. त्या तत्काळ दूर केल्या. त्यानंतर मात्र माश्यांचे वर्तन बिघडले आहे. दारावर त्या दिशाहीन फिरतात. पायांना पराग लावून परतणाऱ्या फार थोड्या दिसतात. पेटीतून येणारा आवाज पूर्वीचा नाही. तो कसा आहे हे मला शब्दांत सांगता येत नाही.

यावर काही औषध असल्यास कळवावे. पत्ता लिहिलेले पोस्टकार्ड सोबत जोडले आहे, म्हणजे आपणास तसदी पडणार नाही.

सौ. शकुबाईंना नमस्कार.

देवराव


भिलाई
सोमवार, २२ फेब्रुवारी १९६०

श्री. पंजाबराव यांस नमस्कार.

आपले पोस्टकार्ड शनिवारी मिळाले. आपण पत्ता लिहिलेले कार्ड न वापरता आपले स्वतःचे वापरलेत, याची नोंद घेतली. मजकूर असा होता : ‘साहेब, पोळ्याले गाठी नाही येत. काय होतं थे खरं सांगा. अन् पेटीत अंडी आहेत का थे पाहा.’ पूर्वी आपण मला ‘जवाई’ म्हणत असा. तक्रार करीत नाही.

काल शालिकराम आला होता. हा कुरुदचा. आमच्या सेक्टरसाठी जमीन मोकळी करणाऱ्या टोळीत होता. ज्या मोहाच्या झाडाच्या ढोलीत या माश्या राहत, ते झाड पाडावयास तोच आला होता. अन्नपूर्णेने साऱ्या टोळीला चहा पाजून ते काम अर्धा दिवस थांबवले होते आणि शालिकरामाच्या हातांनी पोळी काढून पेटीत बसवली होती. तेव्हापासून तो सुटीच्या दिवशी येतो, पेटीजवळ उकिडवा बसतो आणि जातो. ती गेल्यावरही येतो. काल त्याने पेटीला कान लावला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, ‘रानी नइ हे, साहेब. बिन दाई के लइका मन अइसनेच रोथें.’

त्या आवाजाला मला जो शब्द सापडत नव्हता, तो त्याने दिला. आईविना लेकरे रडतात तसा.

आम्ही दोघांनी मिळून पेटी उघडली. पोळ्याची एकेक लाकडी चौकट उन्हात धरून पाहिली. अंडे एकही नाही. अळी नाही. वरच्या बाजूस मध आहे, खाली मेणाने बंद झालेल्या कोठ्यांत काही पिल्ले आहेत आणि मधला सारा भाग रिकामा आहे.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. ज्यांना मी गाठी म्हटले, त्या संख्येने सहा होत्या. आकार भुईमुगाच्या शेंगेएवढा, टोक खाली, पृष्ठभाग खरबरीत. त्या मी कापल्या. पुस्तिकेचे बाविसावे पान मी काल वाचले. ते त्या रविवारी वाचावयास हवे होते. जुनी राणी अर्ध्या माश्या घेऊन निघून जाते तेव्हा मागे राहिलेल्यांसाठी ती नव्या राण्यांच्या कोठड्या सोडून जाते, आणि त्या कोठड्या दिसावयास भुईमुगाच्या शेंगांसारख्या असतात, असे तेथे चित्रासह दिले आहे.

सारांश, सहाही राण्या मी मारल्या.

त्याच पानावर उपायही दिला आहे. दुसऱ्या पेटीतली ताजी अंडी असलेली एक चौकट या पेटीत ठेवली, तर माश्या त्यातल्या एखाद्या अंड्याची नवी राणी वाढवतात. मात्र उशीर झाला तर कामकरी माश्याच अंडी घालू लागतात, त्यांतून नुसते नर निघतात आणि मग ती वसाहत वाचत नाही. हे घडावयास किती दिवस लागतात त्याचा नक्की आकडा दिलेला नाही. ‘थोडे दिवस’ असे म्हटले आहे. असे मोघम लिहिणे मला पसंत नाही.

दोन वर्षांपूर्वी अन्नपूर्णेने याच पेटीची वाटणी करून अर्धी आपणाकडे डोंगरगडला पाठवली होती. म्हणजे तिच्याच माश्यांचा वंश आपल्या अंगणात आहे. त्यांतील अंड्यांची एक चौकट आपण द्यावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र आहे.

देवराव


भिलाई
गुरुवार, २५ फेब्रुवारी १९६०

श्री. पंजाबराव यांस नमस्कार.

आपल्या कार्डावर या वेळी चारच शब्द आहेत. ‘साहेब, शेंगा कावून कापल्या?’ चौकटीविषयी होकार नाही, तसा नकारही नाही.

अज्ञानामुळे कापल्या. दुसरे कारण नाही.

ट्रेसिंगच्या कापडावर शाईची चूक झाली की ती खरवडण्यासाठी आम्हाला एक बारीक पाते दिलेले असते. ते माझ्या खिशात होते. त्याने कापल्या. कापताना पोळ्याच्या इतर भागास इजा झालेली नाही, एवढे नमूद करतो.

आज दारावर मृत माश्या अधिक होत्या. विनंतीचा विचार व्हावा.

देवराव


भिलाई
सोमवार, २९ फेब्रुवारी १९६०

पंजाबराव,

आपले कार्ड माझ्यासमोर टेबलावर आहे. ‘अज्ञानी माणूस हात नाही लावत. तुमी एक खिळा ठोकाले मोजपट्टी आणता, पेन्सिलीनं खूण करता, मंग दुसऱ्या दिवशी ठोकता. अन्नू हसत होती तुमाले. असा माणूस पुस्तक न पाहता सहा शेंगा कापते, थे पण बहिणीच्या पेटीतल्या? मले खरं सांगा, नाही तर चौकट नाही.’

आपण मला ओळखता, हे मी विसरलो होतो.

पुढे जे लिहीत आहे ते वाचून चौकट देण्याचे कारण आपणापाशी उरणार नाही, याची मला जाणीव आहे. ते न लिहिता दुसरे एखादे उत्तर रचता येईल काय, याचा मी दोन दिवस विचार केला. तशी तीन उत्तरे तयार झाली. तिन्ही चांगली होती.

स्मशानात आपण मला विचारले होते, ‘तुमाले कधी समजलं?’ मी ‘मार्चमध्ये’ असे सांगितले. तेराव्याच्या दिवशी आपण सर्वांसमक्ष म्हणालात की, बायको चार महिने छातीत गाठ घेऊन फिरते आणि नवऱ्याला समजत नाही, असा नवरा काय कामाचा. मी मान खाली घातली. सर्वांना वाटले, मला लाज वाटली. मला सुटल्यासारखे वाटले होते.

मला मार्चमध्ये समजले नाही. १९५८च्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, ओवाळून झाल्यावर अन्नपूर्णेने मला स्वयंपाकघरात बोलावले, माझा हात धरून पदराआड नेला आणि म्हणाली, ‘हे पाहा बरं, काय आहे?’ चिंचोक्याएवढी गाठ होती. दुखत नाही म्हणाली. मी ती बोटाने चाचपली. टणक होती आणि हलत नव्हती. मी विज्ञानाचा पदवीधर आहे, पंजाबराव. हलत नाही याचा अर्थ बरा नसतो, एवढे मला माहीत होते.

मी म्हणालो, ‘फेब्रुवारीत पहिली भट्टी पेटते आहे. ती पेटली की रजा घेऊन नागपूरला दाखवू.’

रजा तेव्हा बंद होत्या, हे खरे. परंतु त्या परिपत्रकात गंभीर आजाराचा अपवाद होता आणि ते कलम मला पाठ होते. मी अर्ज केला नाही. मी मागितली असती तर कोणी नाही म्हटले नसते, म्हणून दोष दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येत नाही. माझ्या हातचे चार नकाशे अपुरे होते. ते दुसऱ्या कोणी पूर्ण करावेत, त्यावर दुसऱ्याची सही यावी, हे मला सोसणारे नव्हते. कारण एवढेच आहे.

ती म्हणाली, ‘दादाले अन् मायले लिहू का?’

मी म्हणालो, ‘आत्ताच नको. तुझे दादा गार्डाची ड्यूटी टाकून धावत येतील.’

त्यावर तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘येईलच दादा तसा. फेब्रुवारी काही दूर नाही.’ मग तिने तो विषय काढला नाही. जानेवारीत गाठ लिंबाएवढी झाली, तेव्हाही मीच विचारले आणि तिने, ‘तुमचे नकाशे आटपू द्या,’ असे उत्तर दिले. भट्टी ठरल्या दिवशी पेटली. माझे चारही नकाशे निर्दोष ठरले. मार्चमध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी विचारले, ‘इतके दिवस कुठे होता?’ तो प्रश्न तिने स्वतःकडे घेतला. म्हणाली, ‘मीच सांगितलं नाही कोणाले.’ आणि मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसून होतो.

आता शेंगा.

त्या रविवारी मी चौकट उचलली आणि पोळ्याच्या कडेला ती टणक, खरबरीत वस्तू लोंबताना पाहिली. बोट लावले. ती हलली नाही. त्यानंतर मला पोळे दिसले नाही. पुस्तिका माझ्या डाव्या हाताशी उघडी होती. एक पान उलटावयाचे होते. मी उलटले नाही. एकदा थांबलो होतो. या वेळी थांबणार नव्हतो. शेवटची कापून झाली तेव्हा मला समाधान वाटले, हेही लिहितो. आपण खरे विचारले होते.

माश्या तिच्या आहेत. माझ्या अपराधाची शिक्षा त्यांना व्हावी की नाही, हे आता आपल्या हाती आहे. चौकट मिळाली नाही तरी मी आपणास दोष देणार नाही, आणि हे पत्र परत घेणार नाही.

देवराव


भिलाई
गुरुवार, ३ मार्च १९६०

पंजाबराव यांस नमस्कार.

काल जे घडले त्याचे आपण साक्षीदार आहात, तरीही लिहितो. फलाटावर मला नीट बोलता आले नाही.

मंगळवारी दुपारी स्टेशनवरचा खलाशी ड्रॉइंग ऑफिसात आपला निरोप घेऊन आला : ‘उद्या सकाळच्या पॅसेंजरले या. जाड चादर आणा.’ मी लगेच रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात ‘घरातील आजार’ असे लिहिले. वरिष्ठांनी चष्म्यावरून पाहिले. घरात मी एकटाच आहे, हे त्यांना ठाऊक आहे. पण सही केली.

गाडी आली, तेव्हा मी फलाटाच्या पुढच्या टोकाला उभा होतो. गार्डाचा डबा शेवटी असतो, हे आपणा रेल्वेवाल्यांच्या घरचा जावई असून मला सुचले नाही. धावत येताना चादर पायात अडकली. ‘अहो साहेब, हळू! पडसान अन् मलेच पंचनामा करा लागन!’ असे आपण ओरडलात, तेव्हा पाच महिन्यांनी प्रथमच आपला नेहमीचा आवाज ऐकला.

आपण चौकटीसाठी मापाचे खोके केले होते. खाली गरम वीट, वर शकुबाईंचे लुगडे. ते माझ्या हातात देताना आपण म्हणालात, ‘उभी धरा. आडवी नका करू. अंडी वाऱ्यानं वाळतात, छातीशी धरा.’ मी धरली. मग आपण हिरवा झेंडा उघडला, परंतु दाखवला नाही.

‘तिनं सांगतलं होतं तुमाले.’

‘हो.’

‘दिवाळीले.’

‘हो.’

‘अन् मले लिहू का म्हणे?’

‘हो. मी नको म्हणालो.’

इंजिनाची शिटी झाली. ‘मी तुमाले माफ नाही केलं,’ आपण म्हणालात. ‘चौकट तिच्या माश्यांसाठी आहे. समजलं?’

समजले, असे मी म्हणालो.

‘पण मी पाच महिने तिच्यावर रागावून होतो, हे तुमाले माहीत नाही. सख्ख्या भावाले नाही सांगतलं म्हणून. अन् माय तर... माय तिचं नाव नाही घेऊ देत घरात. आखाजीले घागर भरा लागते गेलेल्या माणसाची. माय म्हणते, जिनं मायपासून दुखणं लपवलं तिची घागर मी नाही भरणार. ऐंशी वर्षांची बाई, रोज पोरीले शिव्या देते अन् रोज रडते. तिले लिहा. मी वाचून दाखवीन. मले लिहिलं तसं लिहा.’

इंजिनाने दुसऱ्यांदा शिटी दिली, तेव्हा आपण झेंडा दाखवलात. गाडी मिनिटभर उशिरा सुटली. बावीस वर्षांच्या नोकरीत आपल्या हातून गाडीला उशीर झालेला नाही, असे अन्नपूर्णा अभिमानाने सांगत असे. त्या मिनिटाचे कारण आपण गार्डाच्या नोंदवहीत काय लिहिलेत, हे विचारण्याचा मला अधिकार नाही. तरी विचारतो.

खोके छातीशी असल्याने सायकल चालवता येईना. स्टेशनपासून घरापर्यंत ती एका हाताने ढकलत आणली. शालिकराम पेटीपाशी वाट पाहत बसला होता. बुधवार त्याच्या कामाचा दिवस. का आलास, असे मी विचारले नाही. आम्ही चौकट मधोमध बसवली. आपल्या माश्या आपण डोंगरगडलाच झाडून ठेवल्या होत्या. चौकटीवर एकही माशी नव्हती, नुसती अंडी होती. प्रत्येक कोठीच्या तळाशी जणू उभा केलेला पांढऱ्या दोऱ्याचा एक तुकडा.

झाकण लावल्यावर शालिकरामाने कान लावला. मीही लावला. आवाज तोच होता. ‘कालि सुनबो,’ तो म्हणाला. उद्या ऐकू.

आईंना लिहिण्यास मी बसलो आहे. कागदावर अद्याप केवळ तारीख आहे.

देवराव


भिलाई
शनिवार, १२ मार्च १९६०

पंजाबराव यांस सप्रेम नमस्कार. हा शब्द मी स्वतःच्या जबाबदारीवर लिहीत आहे.

आपल्या चौकटीवर दोन शेंगा आल्या आहेत. आठवड्यापूर्वी माश्यांनी त्या धरल्या आणि आता तोंडे बंद केली आहेत. आज सकाळी चौकट उचलली आणि त्या दिसल्या, तेव्हा माझा हात खिशाकडे गेला. पाते तेथे नव्हते. ते मी ऑफिसच्या खणात ठेवून दिले आहे, कारण माझा मला भरवसा नव्हता. तरी हात गेला, हे आपणास कळावे. बोट लावले नाही. चौकट होती तशी, उभी, खाली ठेवली आणि झाकण लावले.

आवाज बदलला आहे. भागाबाईंच्याही लक्षात आले. म्हणाल्या, ‘भाऊजी, तुमच्या माश्यांचं रडणं थांबलं वाटते. तुमी पन आता घडीभर बसत जा जी, बाई असती तर चहा तरी पाजला असता तुमाले.’ आणि कुंपणावरून पेला पुढे केला. मी घेतला. यापूर्वी घेत नसे.

गार्डाच्या वहीविषयी आपण उत्तर दिलेत, त्याबद्दल आभारी आहे. ‘पार्सल उतरवण्यास वेळ लागला’ ही नोंद वस्तुस्थितीस धरून आहे. मी असतो तर अशीच केली असती.

अक्षय तृतीयेच्या घागरीआधी पोचावे म्हणून आईंचे पत्र तीन वेळा लिहिले, तीन वेळा फाडले. तिन्ही पत्रांत सर्व मजकूर खरा होता. परंतु प्रत्येकात मी इतकी कारणे दिली होती, की वाचणाऱ्यास शेवटी माझीच दया आली असती.

देवराव


भिलाई
मंगळवार, १९ एप्रिल १९६०

तीर्थरूप आईंच्या चरणी देवरावाचा नमस्कार.

हे पत्र पंजाबराव आपणास वाचून दाखवतील. त्यासोबत कापडात गुंडाळलेली एक लाकडी चौकट आहे. दीड महिन्यापूर्वी ती त्यांनी मला दिली, तेव्हा तिच्यात अंडी होती. त्यांतून राणी निघाली. गेल्या महिन्याच्या अखेरीस तिने पहिली अंडी घातली आणि आता पेटी पुन्हा भरू लागली आहे. चौकट त्यांची असल्याने परत करणे प्राप्त होते. शेजारणीकडून आणलेले भांडे रिकामे परत पाठवू नये, तळाशी चिमूटभर साखर तरी असावी, हे आपण अन्नपूर्णेला शिकवले होते आणि तिने मला. म्हणून चौकटीत मध आहे. मोहाच्या आणि करंजाच्या फुलांचा आहे. वर मेणाचे पांढरे झाकण दिसेल. ते काढून खावा. अन्नपूर्णेच्या नियमाप्रमाणे ही एकच चौकट काढली आहे. बाकी सारा मध पावसाळ्यात माश्यांना लागेल म्हणून त्यांच्याकडेच ठेवला आहे.

मी पुस्तकी लिहितो. पंजाबराव ते आपल्या बोलीत सांगतील. परंतु एक गोष्ट त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगू नये आणि मीही कॉलेजच्या शब्दांत लिहू नये, म्हणून ती आपल्याच बोलीत लिहितो. लहानपणी माझ्याही घरात हीच बोली होती. आई, थे असं आहे :

तुमच्या पोरीनं काई लपवलं नाही. तिनं मले पाडव्यालेच सांगतलं होतं. मी थांब म्हटलं. तुमाले अन् दादाले सांगते म्हणे, थे पन मीच नको म्हटलं. मंग लोकाईनं पुसलं तवा तिनं माझं पाप आपल्या अंगावर घेतलं, अन् मी घेऊ देल्लं. शिव्या द्याच्या असन तर मले द्या. तिले नका देऊ.

येत्या आखाजीले तिची घागर भरा.

देवराव